टाळ्या कायले

माझा भाऊ जेलमधून सुटून आला तेव्हा मी अकरावीत होते. नाताळच्या सुट्टीत यवतमाळच्या हॉस्टेलमधून घरी आले, तर तो अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मला पाहून म्हणाला, "आली का?" मी म्हणाले, "हो." त्याने मूठ पुढे केली. मी त्यातले दाणे घेतले आणि बॅग ठेवायला आत गेले. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी आत उभी राहून थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. मग मी दाणे खाल्ले.

आमचं गाव आर्णीपासून फार दूर नाही. भाऊ गावच्या कबड्डी संघात होता, आणि आसपासच्या गावांत त्याच्यासारखा चढाई करणारा दुसरा नव्हता. मी लहान असताना बाबा मला खांद्यावर बसवून त्याचा खेळ दाखवायचे. पुसदच्या स्पर्धेत त्याने एकट्याने सामना फिरवला, तेव्हा लोकांनी त्याला ट्रॅक्टरवर बसवून गावात आणलं होतं. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली, ती बातमी पेपरात आली आणि आईने ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. ते चिकटवल्याला महिनाही झाला नसेल आणि ते झालं.

ते वर्ष कापसाचं वाईट होतं. त्याच्या मागचंही वाईट होतं, त्यामुळे कोणी तसं म्हणत नसे. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत यायची. माणसं गाडीखाली स्वयंपाक करत आणि गाडीखालीच झोपत. रांग दिवसातून थोडीशी सरकायची. भाऊ आमची गाडी घेऊन त्या रांगेत होता. नदीपलीकडच्या गावच्या एका माणसाने आपली गाडी मध्येच घातली, असं आमच्याकडचे लोक सांगतात. तिकडचे सांगतात की तो बैलांना पाणी पाजायला बाजूला झाला होता आणि आपल्याच जागेवर परत येत होता. भांडण झालं. गाडीच्या कडेला कापूस अडवायला दांडे खोचलेले असतात, त्यांना उभारी म्हणतात. भावाने एक उभारी उपसली आणि त्या माणसाच्या डोक्यात मारली. एकदाच. हा "एकदाच" आमच्या घरात नंतर फार वेळा बोलला गेला. वकिलासमोर, पाहुण्यांसमोर, देवासमोर. तो माणूस दवाखान्यात वारला. कोर्टाने भावाला सात वर्षं दिली. वागणूक चांगली म्हणून तो जरा आधी सुटला.

मला पाचवीनंतर इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर पाठवलं. गावातल्या शाळेत पोरं मला भावावरून बोलायची, म्हणून. हॉस्टेलवर कोणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. तिथे मी गप्प मुलगी म्हणून ओळखली जायचे आणि ते मला बरं होतं. अकरावीच्या वर्षी, या सुट्टीआधी, शाळेत एक वादविवाद झाला होता. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरू द्यावं का, असा विषय होता. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला "द्यावं" आलं. मी कागद न बघता बोलले. शिक्षा म्हणजे काय, सुधारणा म्हणजे काय, समाजाची जबाबदारी वगैरे. इंग्रजीत ते सगळं सोपं होतं. बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि मुलींनी वाजवल्या.

सुट्टीत घरी आल्यावर पहिल्या सकाळी मला मोरीच्या मागून आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मोठ्याने नाही, मंत्र पुटपुटावा तसा, मध्ये श्वास न घेता. भाऊ दम घुमवत होता. खूप वेळ चालला तो आवाज. बाबा चहा पीत होते, त्यांनी उठून खिडकी लावली. आई म्हणाली, "जेलातही करे म्हन्ते. बराकीतले लोक शिव्या देत."  भाऊ सुटल्यापासून बाबा त्याच्याशी फक्त शेतीचं बोलत. कोणत्या तुकड्यात वेचणी, कोणता बैल लंगडतो.

आमच्या घरात त्या मेलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नसे. "तो माणूस" म्हणायचे, नाहीतर "ते झालं तवा" म्हणायचे. मला त्याचं नाव माहीत होतं, कारण पेपरात आलं होतं. ते मी कधी उच्चारलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष आला. त्याचं गावात मोबाइलचं दुकान आहे आणि तो एकेकाळी भावाबरोबर डाव्या कोपऱ्यात खेळायचा. वेचणी संपत आली की आमच्याकडे कबड्डीचे सामने होतात, त्यासाठी आला होता.

"काकाजी," तो बाबांना म्हणाला, "हा गेला तवापासून कप गावात आला नाही. यंदा खेळू द्या याले."

"मी कोन खेळू देनारा?" बाबा म्हणाले. "त्याले विचार."

भाऊ बाजेवर होता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "खेळतो." त्याचा आवाज इतका हलका होता की अध्यक्षाला पुन्हा विचारावं लागलं.

शेजारची काकू कुंपणापलीकडे तुरीच्या शेंगा तोडत होती. ती कधी कशात बोलल्याशिवाय राहत नाही. "खेळ म्हना, माय बाप्पा," ती म्हणाली, "मानूस मारला त खेळायलेच सुटला."

"काकू, शिक्षा भोगली ना त्यानं," अध्यक्ष म्हणाला. "आता काय फाशी देता का?"

"भोगली ना. मंग कमवून खाय म्हना. पोटाले कोन नाही म्हन्ते? म्याच दिली आल्या दिवशी भाकर त्याले. पन टाळ्या कायले पाहिजे?"

अध्यक्ष हसला. "टाळ्या नको वाजवजो तू."

"म्या त कधीच नाही वाजवल्या. तुम्हीच नाचले होते टॅक्टरवर."

भाऊ उठून गोठ्याकडे गेला. मी वादविवादात बोलले होते त्यात भाकरीचं होतं, टाळ्यांचं नव्हतं.  अजूनही मला त्यावर नीट बोलता येत नाही. माणसाला जगू द्यावं, काम द्यावं, शेजारी बसू द्यावं, इथपर्यंत मी येते. मग मैदानाची रेघ येते आणि तिथे मी थांबते. त्याला दुसरं काही येत नव्हतं, हेही खरं आहे. दुसऱ्या माणसाला दुसरी वेळ मिळाली नाही, हेही.

अडचण दुसरीकडून आली. नदीपलीकडच्या त्याच गावचा संघ दरवर्षी यायचा. त्यांचा कॅप्टन मोटरसायकलवर येऊन अध्यक्षाला सांगून गेला, की तिची ना नसली तर आम्ही याच्यासोबत खेळू, नाहीतर नाही. ती म्हणजे त्या माणसाची बायको. मंडळाची बैठक झाली आणि त्यांनी डोकं लावलं. उद्घाटनाला तिलाच प्रमुख पाहुणी करायचं. आमच्याकडे सामन्याआधी पाहुणे नारळ फोडतात, मग खेळाडूंच्या रांगेपुढून जातात. अध्यक्ष माइक धरतो, प्रत्येक जण आपलं पूर्ण नाव आणि गाव सांगतो, आणि पाहुणे त्याला हात देतात. तिने सगळ्या गावासमोर भावाला हात दिला की विषय मिटला, असं मंडळाला वाटत होतं. ते वाईट लोक नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिचा मान करत आहेत.

बोलावणं कोणी करायचं, तर माझ्या आईने. "बाईनं बाईले बोलावलं तर बरं दिसते, काकी," असं अध्यक्षाचं म्हणणं. आई दिवसभर नाही म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ बदलून तयार झाली. मला म्हणाली, "तू चाल." आम्ही काळीपिवळी जीपने गेलो.

ती घरी नव्हती, शेतात होती. शेवटची वेचणी चालू होती. झाडं अर्धी वाळलेली, बोंडांची टोकं काट्यासारखी. ती एकटीच होती, कमरेला लुगड्याचा तुकडा बांधून केलेल्या ओटीत कापूस टाकत पुढे सरकत होती. मला वाटलं होतं ती म्हातारी असेल. ती तिशीची असेल. तिने आईला ओळखलं. कोर्टात पाहिलं असणार. तिने "या" म्हटलं नाही आणि हातही थांबवले नाहीत.

आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, क्षणभर उभी राहिली. मग तिने पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत शिरून वेचायला लागली. आमच्याकडे वेचणीत कोणाच्या शेतात गेलं तर रिकाम्या हातांनी उभं राहत नाहीत. आईने मूठभर वेचायचं आणि हात लांबवून तिच्या ओटीत टाकायचं. तिने पहिल्या वेळी आईच्या हाताकडे पाहिलं, मग ओटीचं तोंड थोडं तिच्या बाजूला केलं. मीही वेचू लागले. मला जमत नव्हतं. माझ्या कापसात पालापाचोळा येत होता. तिने माझी मूठ घेतली, दोन बोटांनी त्यातला कचरा काढला आणि मग तो कापूस ओटीत टाकला. 

ओळीच्या मध्यावर आल्यावर आई म्हणाली, "मी तुले काही समजवायले नाही आली, बाई. बोलवायले आली."

"कायले?"

"कबड्डीच्या उद्घाटनाले. नारळ फोडायले."

ती हसली. "मले? मी का आमदार आहो का?"

"गावची इच्छा आहे."

"आन् थो खेळन."

"हो. खेळन." आईचे हात थांबले नाहीत, म्हणून तिला बोलता आलं असं मला वाटतं. "तू नाही म्हन्लं त नाही खेळन. मी त्याले सांगीन."

ती बराच वेळ वेचत राहिली. एक बोंड बोटाला लागलं, तिने बोट तोंडात घातलं, पुन्हा वेचायला लागली. मग म्हणाली, "तुमच्या खेळात बरं आहे, मावशी. मेला म्हन्ते, बाहेर बसते, मंग एखाद्यानं पॉइंट आनला का उठून आत येते."

आई वेचत राहिली.  ओळ संपली. तिने ओटी सोडून कापूस ढिगावर टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"येतो मी," ती म्हणाली. "कोर्टात मले त्याची पाठच दिसे. पाह्यचं आहे एकदा."

परत येताना काळीपिवळीत आई म्हणाली, "कोर्टात तिले विचारलं होतं, नवऱ्याचं नाव सांग. तिच्यानं सांगवलं नाही. दिरानं सांगतलं." आमच्याकडच्या बायका अजून नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आईसुद्धा बाबांचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. मी म्हणाले, "हं." 

सामन्यांच्या दिवशी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या आणि पाणी मारून माती दाबली होती. सामने वजनगटाचे होते. कापूस मोजायचा मोठा काटा पिंपळाखाली आणून ठेवला होता आणि खेळाडू एकेक करून त्यावर उभे राहत होते. भाऊ काट्यावर चढला तेव्हा त्याने मोजणाऱ्याकडे पाहिलं नाही, पिंपळाकडे पाहिलं. वजनात बसला. बाबा आले नव्हते. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, बैल दाखवायला जायचं आहे.

ती आली, धुतलेलं निळं पातळ, पायात नवी चप्पल. मंडळाने तिला खुर्ची दिली, शाल दिली. लाउडस्पीकरवर बोलणारा शाळेतला मास्तर होता. तो सगळ्या पाहुण्यांची पूर्ण नावं घेत होता, सरपंचांचं, पोलीस पाटलांचं. तिच्या वेळी तो म्हणाला, "आपल्या प्रमुख पाहुण्या, आदरणीय ताईसाहेब." एवढंच. अध्यक्षाने त्याला आधी सांगून ठेवलं होतं, की बाईच्या नावात नवऱ्याचं नाव येते, ते घेऊ नको, वातावरण बिघडन. हे मी स्वतः ऐकलं, कारण मी आईबरोबर खुर्च्यांच्या मागेच उभी होते. ती खुर्चीवर ताठ बसली होती. "ताईसाहेब" ऐकून तिने मान वळवून मास्तरकडे पाहिलं, तो पुढचं काही म्हणेल म्हणून वाट पाहिल्यासारखी. मग समोर पाहिलं.

नारळ तिने एका फटक्यात फोडला. अध्यक्ष तिला रांगेकडे घेऊन गेला. पहिल्या खेळाडूने माइकमध्ये नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, गाव. तिने हात दिला. दुसऱ्याने सांगितलं. हात दिला. भाऊ चौथा की पाचवा होता. तिथे पोचेपर्यंत मैदानावर सगळे गप्प झाले होते, शेंगदाणेवाला सोडून.

ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने त्याला नीट पाहिलं. अध्यक्षाने माइक पुढे केला. भावाने तोंड उघडलं.

"तुयं नको," ती म्हणाली. "तुयं माहीत आहे मले. त्यायचं सांग."

माइक मध्येच होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. अध्यक्षाने माइक मागे घ्यायला हात हलवला, पण घेतला नाही. आईने माझं मनगट धरलं होतं. माझ्या मनात एवढंच आलं, की त्याला माहीत असेल का. घरात तर ते नाव कोणी घेत नव्हतं.

भावाने सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. बाकीच्यांनी आपापलं सांगितलं होतं त्याच चालीत, तसंच सरळ उभं राहून. स्पीकरमधून ते शाळेच्या भिंतीवर आपटून थोडं उशिरा पुन्हा ऐकू आलं.

ती ऐकत राहिली. "हं," म्हणाली आणि पुढच्या खेळाडूकडे सरकली.

तिने भावाला हात दिला की नाही, यावर गावात अजून दोन मतं आहेत. मी पाहत होते. दिला नाही.

सामना झाला. पलीकडचं गाव खेळलं, शब्द दिल्याप्रमाणे. भावाच्या पहिल्या चढाईत त्यांच्या कोपऱ्यातल्याने त्याचा पाय धरला आणि बाकीचे अंगावर पडले. तो बाहेर जाऊन बसला. आमच्या एका पोराने पॉइंट आणला तेव्हा पंचाने त्याला आत बोलावलं. तो उठला. त्या वेळी मी तिच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. नंतर तो खेळला, पूर्वीसारखा. पूर्वीपेक्षा दम मोठा होता. तो एकामागून एक गडी मारून मधल्या रेघेवर परत येत होता आणि कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. आमचं गावही नाही. पुढच्या ओळीत ती बसलेली होती. फक्त पंचाची शिट्टी आणि त्याचा तो न तुटणारा आवाज ऐकू येत होता. असा खेळ मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आम्ही जिंकलो. ती त्याआधीच उठली होती. शेतात कापसाचा ढीग उघडा पडला आहे, असं आईला सांगून गेली. शाल तिने खुर्चीवर घडी करून ठेवली होती.

पुढच्या वर्षीही भाऊ खेळला. ती नव्हती. टाळ्या वाजल्या, असं आईने मला हॉस्टेलवर फोन करून सांगितलं. तिचा आवाज आनंदाचा आहे की नाही, ते मला ओळखता आलं नाही.

मला आठवते ती सामन्यानंतरची सकाळ. मोरीमागून आवाज आला नाही. मी बाहेर आले तर तो बाजेवर बसला होता आणि त्याच्या पायाला जिथे धरलं होतं तिथे काळंनिळं झालं होतं. आई चूल पेटवत होती. बाबा चहाची वाट पाहत पायरीवर बसले होते.

"म्या नाव बराबर सांगतलं ना?" त्याने मला विचारलं.

"हो."

"बापाचं पन?"

"तेही."

 मग बाबांनी, आमच्या कोणाकडे न बघता, ते नाव घेतलं. पूर्ण नाही, फक्त पहिलं. त्याचे बैल चांगले होते, असं काहीतरी म्हणाले. आईने चहा ओतला. भावाने बशी हातात घेतली आणि चहा गार होईपर्यंत ती तशीच धरून बसला.